पाकिटातली दुसरी चिठ्ठी

प्रिय विनू,

तर सगळ्यांत आधी आली ती शेजारची काशीबाई. पाव्हणे अजून मालवण स्टँडवर एसटीतून उतरून रिक्षा ठरवत होते, आणि ही बया पदर खोचून आपल्या दारासमोरच्या खळ्यात हजर. “गो यशोदे, तुझी नात येता ती एकटी नाय हां, वांगडा एक झील आसा. उंच आसा, चष्मो आसा.” म्हटलं, तुका कोणी सांगितल्यान? तर स्टँडवर रिक्षा लावणारा निलेश तिचा भाचा, त्याने फोन केला होता. मी म्हटलं, बस, चहा पी, पण डोळे असे वाटेला लावू नकोस, नात तुझी आहे की माझी? तर म्हणते, “नात तुझी, पण जावय सगळ्या वाडीचो.” आता अशा बाईला काय बोलायचं सांग. मग तुझी अक्षया आली, ती पिशव्या खळ्यात टाकून थेट माझ्या गळ्यातच पडली. केवढी उंच झाली गो ती! माझं डोकं तिच्या खांद्याला लागेना. आणि हसते अगदी तू हसायचीस तशी, आधी डोळे आणि मग तोंड. चार दिवस राहिली दोघं. एवढं बरं वाटलं मला की गुडघेसुद्धा दुखायचे विसरले.

एक आधीच सांगते. हे पाकीट फोडल्यावर तू अक्षर बघशील आणि म्हणशील, आयेला हे कोण लिहून देतं? काशीबाईची सून नव्हे आणि शाळेतल्या बाईसुद्धा नव्हेत. कोण ते शेवटी सांगते, पण पानं उलटून आधी बघू नकोस. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू विचारतेस, “आये, जेवलीस?” आणि मी म्हणते, “जेवलंय गो.” तेवढ्यातच आपलं बोलणं संपतं. म्हणून पत्र. रोज दुपारी काशीबाई आडवी झाली की एक पान होतं. पत्र शाळेच्या भाषेत लिहायचं असतं असं तुझे बाबा म्हणायचे, म्हणून तसं लिहितंय. मध्येच आपली बोली घुसली तर हसू नकोस.

तर अक्षयाबरोबर आलेल्या त्या सिद्धेशचं सांगत होते. मुलगा मला पसंत आहे. तूच त्यांना पाठवलंस ना, आजीची पसंती घेऊन या म्हणून? घे, दिली. इन्सुलीचा, घरी भातशेती, काजूची कलमं. माणसं साधी असणार, कारण त्याने येताना मला काजूगर आणले ते आईच्या जुन्या रुमालात बांधून, दुकानातल्या डब्यातून नव्हे. फक्त एक खोट आहे, त्याला मासा खाता येत नाही. मी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं. तो बिचारा काटे काढत बसला तो बसलाच, आमची ताटं उचलली तरी त्याचा अर्धा बांगडा तसाच. काशीबाई कशाला गप्प बसते? “ज्याका बांगड्याचो काटो काढूक येत नाय, तो संसार कसो करतलो?” पोरगा लाल झाला, पण हसला. मग अक्षयाने त्याचा बांगडा आपल्या ताटात ओढला, काटे काढले आणि परत दिला. मी ते बघून ठेवलं.

पण त्याच्या आधी काय गंमत झाली ती ऐक. आल्या आल्या त्याने माझ्या पायाला हात लावला, बाकावर बसला, आणि पाणी प्यायच्या आधी विचारतो, संडास कुठे आहे? जाऊन आला, बसला, परत गेला, आला, पुन्हा गेला. काशीबाईने तिसऱ्यांदा बोट वर केलं. “तीनदा गेलो गो!” मला वाटलं, झालं, हिचीच नजर लागली पोराला. उठले, मीठमिरच्या मुठीत घेतल्या, आणि दुसऱ्या हाताने ओवा शोधायला लागले. तर अक्षया हसत सुटली. म्हणाली, आजी, ठेव त्या मिरच्या. दृष्टबिष्ट काही नाही, तो तुला घाबरलाय. “माका? माका घाबरता?” मी काशीबाईच्या कानाएवढी, मला कोण घाबरणार? तर म्हणे परीक्षेच्या दिवशी, नोकरी मागायला गेला त्या दिवशी, त्याचं असंच झालं होतं. इतकं हसलो आम्ही की तो परत उठला तेव्हा कुणाला कळलंसुद्धा नाही.

अक्षयाचं शिक्षण पोटाचंच आहे ना, पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात ती पोटाच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करते, तेव्हा मी विचारलं. भीती डोक्यात, मग पोटात कशाला कळ? दुपारी मागच्या दारी दगडावर मी बांगडे साफ करत होते, ती माझ्याजवळ उकिडवी बसून मांजराला हाकलत होती, आणि सांगत होती. म्हणाली, आजी, माणूस घाबरला की डोक्यातून हुकूम सुटतो आणि अंगात एक रस उतरतो. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या तो सोडतात. नाव माझ्या ध्यानात आहे, कॉर्टिसोल. असे आणखीही रस आहेत, काही डोक्यातच तयार होतात. ते पळायला, झगडायला बळ देतात, पण आतड्याला शांत बसू देत नाहीत. आतड्याच्या नसा तिखट होतात. एरवी पोटात वारा फिरतो, अन्न पुढे सरकतं, ते आपल्याला कळतही नाही. नसा तिखट झाल्या की तेवढंच कळ म्हणून लागतं. आणि लहान वयात हे पुन्हा पुन्हा झालं, तर कुणाकुणाच्या नसा मोठेपणीही तशाच राहतात. डॉक्टर दुर्बीण घालून बघतात तर आत जखम नाही, सूज नाही. मग लोक म्हणतात, काही झालेलं नाही. पण दुखतं ते खरंच दुखतं.

मला ते लगेच पटलं. मी तिला म्हटलं, रापणीच्या जाळ्याचा दोर ओढून हाताची सालपटं निघाली की त्या हातावर नुसतं पाणी पडलं तरी आग होते. पाणी आहे तेच, पण हात तो राहिलेला नसतो. अक्षयाने टाळीच वाजवली. म्हणाली, आजी, हे आमच्या डॉक्टरांना सांगते, पेशंटला समजवायला बरं. मी खूश. चार बुकं शिकलेल्यांना आपण काहीतरी सांगितलं म्हणून नुसती फुगले होते.

आणि मग तिने मांजराला जवळ ओढलं. मांजराच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, आईच्या पोटाचं पण हेच आहे ना गं. मार्चमध्ये तिने तुला तपासायला नेलं होतं म्हणे. तू मला कळवलंही नाहीस. सगळं तपासलं, सगळं चांगलं निघालं, आणि डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येऊन तू तिला म्हणालीस, बघ, सांगत होते ना, माझं नाटकच असतं, तुझी आजी लहानपणापासून ओळखून होती.

विनू, माझ्या हातातली सुरी थांबली. तो शब्द माझा. बावन्न वर्षांची झालीस, नाशकात स्वतःचं घर आहे, लोक तुला बाई बाई म्हणतात, आणि माझा तो शब्द तू अजून पोटाशी धरून आहेस.

अक्षयाने विचारलं, आजी, आईला हे पहिल्यांदा कधी झालं? तेव्हा घरात काही घडलं होतं का? तिला विचारलं तर ती उठून चहा ठेवायला जाते. मुळाशी काय होतं ते कळलं, ती ते एकदा कुणाशी बोलली, तर दुखणं उतरायला मदत होते. पोरीने एवढं सरळ विचारलं. आणि मी काय केलं? मान वर न करता बांगड्याचं पोट फाडलं आणि म्हटलं, काय ठाऊक गो, पोरांच्या पोटात दुखतंच. ती उठली आणि बांगडे धुवायला पाणी घेऊन आली. तिला खोटं सांगितलं ते एक, आणि ज्या सहजतेने सांगितलं त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आता तुला सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला ओळीने सांगू दे. तू दहा वर्षांची होतीस. तुझे बाबा मालाच्या बोटीवर होते, महिन्याला त्यांचं पाकीट यायचं. शंकर पोस्टमनची सायकल वाजली की खळ्यात बायका जमायच्या. तुझी आजी, म्हणजे माझी सासू, बाकावर बसायची, काशीबाई तेव्हाही सगळ्यांत आधी यायची, आणि तू मधोमध उभी राहून पत्र वाचायचीस. काय वाचायचीस गो! स्वल्पविरामाला थांबून, पूर्णविरामाला मान हलवून. मी चुलीजवळून ऐकायचे आणि मला वाटायचं, माझ्या पोटी बॅरिस्टर जन्मलाय. उत्तरही तूच लिहायचीस. मी सांगायचे, गाय व्याली लिही, पडवीचे वासे बदलले लिही, आणि तू लिहायचीस.

त्या वर्षी पावसाळ्याच्या आधीपासून तुझं पोट दुखायला लागलं. शंकरची घंटी वाजली की तू पोट धरून खाली बसायचीस. घामाने भिजायचीस. मग उठायचीस, पत्र वाचायचीस, ‘मी मजेत आहे, काळजी करू नये’, आणि वाचून झालं की मागच्या दारी जाऊन ओकायचीस. पुढे पुढे तर त्या वेळेला दुसऱ्या कुणाची सायकल गेली तरी तुला कळ यायची. मालवणच्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. सासूने देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. मी म्हटलं, नाटकं करते, वाचायचा कंटाळा आला तिला. काशीबाईसमोर म्हटलं, शाळेच्या बाईंसमोर म्हटलं. तुला हाकच मारायला लागले, आली बघा आमची नाटकवाली.

मग सासूने बाबलीला बोलावलं. तो डाग द्यायचा, आठवतो ना, कानात मोठी बाळी घालायचा तो. तेव्हा पोरांच्या पोटदुखीवर सगळेच डाग द्यायचे, माझ्या भावालाही दिला होता. आता तसं म्हणून मी सुटत नाही. त्याने सळी तापवली. सासूने तुझे हात धरले. पाय मी धरले. तू रडलीस, पण ओरडली नाहीस, आणि सारखी माझ्याकडे बघत होतीस. बेंबीच्या वर दोन आणि बाजूला एक. बाळंतपणाला इथे आलीस तेव्हा न्हाऊ घालताना मी ते तीन डाग बघितले. तेलाचा हात त्यांच्यावरून नेला, आणि पुढचा तांब्या ओतला.

दिवाळीच्या तोंडावर तुझे बाबा आले ते कुबडी घेऊन. तेव्हा सगळं उघडं झालं. गोदीत शिडीवरून पडले होते, चार महिने मुंबईत इस्पितळात पडून होते, पाय राहतो की कापावा लागतो अशी गोष्ट होती. घरी कळू नये म्हणून ते पाकिटात दोन कागद घालायचे. मोठा कागद सगळ्यांसमोर वाचायचा. आणि आत घडी घातलेली छोटी चिठ्ठी, ती तुला. ‘बाय, आईला सांगू नकोस, ती धीर सोडेल. तू शहाणी आहेस.’ एवढ्याशा पोरीच्या पोटात त्यांनी ते ठेवलं. त्यांच्यावर राग धरू नकोस, ते गेले आता. घाबरलेला माणूस ज्याच्यावर विश्वास असेल त्याच्याच गळ्यात आपलं ओझं घालतो. त्या दिवशी मी खळ्यात बसून कपाळ बडवून घेतलं. माका कोणीच कसा सांगूक नाय, म्हणून रडले. सगळी वाडी मला धरायला आली. तू खांबाच्या मागे उभी होतीस, आणि तुला वाटत होतं आई आता तुझ्यावर चिडेल. मी चिडले नाही. तुला जवळही घेतलं नाही.

आता शेवटचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. अक्षर कुणाचं ते. विनू, हे माझं अक्षर आहे. अक्षयाने शिकवलं नाही, आत्ता म्हातारपणी शिकलेही नाही. मी तिसरीपर्यंत शाळेत गेले होते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या आईने कानात सांगितलं, वाचता येतं हे सासूला कळू देऊ नकोस, लिहिणारी सून नवऱ्याला पत्रातून गाऱ्हाणी सांगते असं त्यांना वाटतं. म्हणून मी अंगठा दिला तो देतच राहिले. सासू गेल्यावर सांगायची लाज वाटली. तुझ्या लग्नानंतर तू पाठवलेली पत्रं काशीबाईचा मुलगा वाचून दाखवायचा, आणि तो गेला की मी ती परत, अक्षराला अक्षर लावून वाचायचे. आणि त्या वर्षी, शंकरची तिसरी खेप होऊन गेली होती, तुझ्या गणिताच्या पुस्तकाचं कव्हर फाटलं म्हणून मी ते बदलायला घेतलं, तर आतून चिठ्ठी पडली. अर्धा दिवस लागला, पण मी ती वाचली. पाय मोडला, दोनदा कापाकापी झाली, आईला सांगू नकोस. घडी घातली आणि नव्या कव्हरात परत ठेवली. बाबली त्याच्यानंतर आला, विनू. तुझे पाय धरले तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोलले असते तर बाबलीने सळी बाजूला ठेवली असती. पण बोलले असते तर तुझ्या बाबांच्या पायाचं खरं झालं असतं. तू खळ्यात उभी राहून ‘मी मजेत आहे’ वाचायचीस ना, तेव्हा घटकाभर मलाही ते खरं वाटायचं, आणि मला तेवढी घटका हवी होती. ती मी तुझ्या पोटातून घेतली. नाटक तुझं नव्हतं. नाटक माझं होतं, आणि ते एवढी वर्षं चाललं की अक्षयासमोरही मी त्यातलंच बोलून गेले. मला माफ कर असं लिहिणार होते, पण तेही तुझ्याच गळ्यात घातल्यासारखं होईल. तू फक्त एवढं जाण की तुझं दुखणं पहिल्या दिवसापासून खरं होतं, आणि तुझ्या आईला ते माहीत होतं. हे पत्र आधी मनातल्या मनात वाच, लहानपणी तुला सगळं मोठ्याने वाचायला लावलं. मग अक्षयाला दाखव, तुझ्या डॉक्टरांना दाखव, ज्याला वाटेल त्याला दाखव. या पाकिटात एकच कागदांचा गठ्ठा आहे, वेगळी चिठ्ठी नाही, आणि कुणाला सांगू नकोस असं यात कुठेही लिहिलेलं नाही. तू आलीस तर मी खळ्यात उभी असेन, काशीबाईच्याही पुढे. नाही आलीस तरी मी समजेन. पोरं जाताना सांगून गेली आहेत, नव्याच्या पुनवेला परत येतो, दाराला नवीन भाताच्या लोंब्या बांधायला, आणि आईला घेऊन येतो. पुनव यंदा सोमवारी आहे.

तुझीच,
आये